बेचाळीस दिवसांनंतरची बाळंतीण

(एरंडोल येथे बचत गटातील महिला, आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या यांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

आज मी माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

तालुक्यातल्या एका गावातून एक सासू आपल्या सुनेला घेऊन माझ्याकडे आली. सुनेच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. सासूबाई म्हणाल्या, "आयशी शे ती." आळशी आहे, दिवसभर पडून राहते, स्वयंपाकात लक्ष नाही. सून खाली मान घालून बसलेली. मी एकटीला बाजूला घेतलं तेव्हा म्हणाली, "ताई, अंग जड झालंय. भांडं उचलवत नाही. केस विंचरले की पुंजके हातात येतात. कारण नसताना रडू येतं." एप्रिल महिना होता. अख्खं गाव उकाड्याने अंगणात झोपत होतं आणि ही रात्री गोधडी मागत होती.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली. मला शिकवलं होतं की बाईच्या दुखण्यामागे घरातला जाच शोधावा. मी तो शोधला. हुंड्यावरून काही आहे का, मुलगी झाली म्हणून टोमणे आहेत का, नवरा हात उगारतो का, सगळं विचारलं. तीनदा घरी गेले, नवऱ्याला समजावलं. पण तिच्या रक्ताची तपासणी करावी, हे मला सुचलं नाही. ते सुचलं लसीकरणाला आलेल्या नर्सबाईंना. तिचा सुजलेला चेहरा आणि कोरडी कातडी पाहून त्या म्हणाल्या, "हिची टीएसएच करून घ्या." थायरॉईडचं काम मंदावलेलं निघालं.

बाईचा थकवा समाजाने लादलेला असतो, हे आपण चळवळीत नेहमी सांगतो. ते खरंच आहे. पण तो शरीरातूनही येतो. दोन्ही तपासायला हवं.

थायरॉईड म्हणजे गळ्यात, कंठमण्याच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराचा वेग ती ठरवते. गरोदरपणात आपली रोगप्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते आणि बाळंतपणानंतर पुन्हा जोर धरते. काही जणींमध्ये ती चुकून याच ग्रंथीवर हल्ला करते. जगभरातल्या पाहण्यांनुसार शंभर बाळंतिणींत साधारण ५ जणींना हा त्रास होतो. पहिल्या काही महिन्यांत कधी धडधड, घाम, वजन उतरणं असं होतं. मग साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात ग्रंथी मंदावते. बऱ्याच जणी वर्षभरात बऱ्या होतात, काहींना मात्र गोळी कायमची लागते.

अहवाल वाचताना एक गोंधळ होतो. टीएसएच हा मेंदूकडून थायरॉईडला जाणारा हुकूम असतो. ग्रंथी काम करीनाशी झाली की हुकूम वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेलं असलं तर बहुधा थायरॉईड कमी पडतंय, असा अर्थ होतो.

"मिठात आयोडीन नव्हतं का?" असं कुणी विचारेल. गलगंडाचा आणि आयोडीनचा संबंध आपल्या देशात जुना. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी यांनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा अभ्यास सुरू केला, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. पाजणाऱ्या आईला आयोडीन जास्त लागतं, तेव्हा तेच मीठ वापरा, बरणी झाकून ठेवा. पण बाळंतपणानंतरचा हा आजार त्याने टळत नाही. म्हणून जास्त मीठ खाऊ नका आणि "मी काय चुकले?" असं स्वतःला विचारूही नका.

आता पुढचं ऐका. अहवाल घरी गेला आणि कुणीतरी सांगितलं, "गोळी सुरू करायची तर पाजणं बंद करा, औषध दुधात उतरतं." सासरच्यांनी डब्याचं दूध आणलं. अकरा दिवस बाळ बाटलीवर होतं. हिची छाती दगडासारखी झाली आणि बाळाला जुलाब लागले. मुळात त्या सल्ल्याची गरजच नव्हती. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे आपल्या शरीरात जे तयार व्हायला हवं तेच बाहेरून घेणं. दुधात ते अगदी थोडं उतरतं, बाळाला त्रास होत नाही. उलट आजार अंगावर काढला तर दूध कमी होऊ शकतं. आम्ही बाळाला पुन्हा पुन्हा छातीशी लावायला सांगितलं. हळूहळू दूध परत आलं.

थायरॉईड जास्त काम करत असेल, तरीही डॉक्टर पाजण्याशी जुळणारं औषध ठरावीक मात्रेत देऊ शकतात. किरणोत्सारी आयोडीनची तपासणी किंवा उपचार सुचवले तर मात्र थांबा आणि आधी सांगा, "मी बाळाला पाजते." तिथे पाजणं खरोखरच बंद करावं लागतं. आणि डब्याच्या दुधाचं म्हणाल, तर १९९२ च्या कायद्याने त्याची जाहिरात करायला आणि आईला फुकट नमुने द्यायला बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. फरक जवळजवळ नाही. घरचे म्हणाले, पैसे वाया गेले. मी विचारलं, गोळी कशी घेतेस? म्हणाली, "सकाळी चहाबरोबर, सगळ्या गोळ्या एकदमच." लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडची गोळी शरीरात नीट शोषू देत नाहीत. आणि बाळंतिणीला या गोळ्या तर आपणच वाटतो! थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनंतर. एवढं सांगायला कुणालाच वेळ झाला नव्हता. तेव्हापासून फरक पडू लागला. दर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून मात्रा ठरवतात. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही, आणि पुढच्या गरोदरपणात तर नाहीच.

आशाताई, आता तुमच्याशी बोलते. दवाखान्यात बाळंतपण झालं की तुम्ही सहा वेळा घरी जाता, शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी. पुढे तिसऱ्या महिन्यापासून ज्या भेटी आहेत त्या बाळासाठी. वजन बाळाचं, लस बाळाची. हा आजार नेमका त्याच काळात येतो. बेचाळीस दिवस झाले की बाळंतीण पुन्हा सून होते, चुलीशी आणि कपाशीच्या शेतात उभी राहते. ती आजारी असू शकते, हे घराच्या लक्षात येत नाही आणि कागदातही तिच्यासाठी रकाना नसतो.

म्हणून आपली मागणी साधी आहे. लसीकरणाला बाळ येतं, तेव्हा त्याला घेऊन येणाऱ्या आईलाही चार प्रश्न विचारा. थकवा झोपेनंतरही जात नाही का? इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते का, की धडधड आणि घाम येतो? केस फार गळतात का, पोट साफ होत नाही का? मन सतत उदास असतं का? यातलं काही असेल तर तिला आळशी ठरवण्याआधी टीएसएच करा. आणि ही तपासणी ग्रामीण रुग्णालयातच, पैसे न मोजता झाली पाहिजे, असा ठराव आपण आज करू या. कारण खाजगीत पैसे लागले की घरात पहिली काटकसर होते ती सुनेच्या तपासणीवर.

ती मुलगी आता बरी आहे. बाळ तिचंच दूध पितं. मागच्या भेटीत मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही निदान विचारलं तरी." मैत्रिणींनो, मला ते पुरेसं वाटलं नाही. विचारायचं काय, हेही आपल्याला माहीत असायला हवं.