लष्कराच्या भाकऱ्या



घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, ही म्हण आपण नेहमी दुसऱ्याला उद्देशून वापरतो. आज मला याच भाकऱ्यांविषयी बोलावयाचे आहे. लष्कराच्या जागी आपण महानगरपालिका समजावी, एवढीच विनंती.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील आम्ही दहाबारा जणांनी एका रविवारी गल्लीमागचा नाला साफ केला. फावडी घेतली, घाम गाळला, छायाचित्रही काढून घेतले. दुसऱ्या दिवशी आरोग्य कोठीचे मुकादम आले. त्यांनी नाल्याकडे पाहिले, काठावरच्या गाळाच्या ढिगाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "साहेब, काढलात हे खरं, पण टाकलात कुठे?" त्याच आठवड्यात वळिवाचा पाऊस झाला आणि सगळा गाळ पुन्हा होता तेथे गेला.

पुढे मुकादमांनीच आम्हाला नेऊन दाखविले. नाला रस्त्याखालून जातो तेथली नळी अरुंद होती, आणि तिच्यातून आणखी एक पाण्याचा पाइप आडवा गेलेला होता. कचरा अडत होता तो तेथे. हे काम फावड्याचे नव्हते, अंदाजपत्रकाचे होते.

स्वयंसेवक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे झाडू येतो. पण झाडण्यासाठी महापालिकेत माणसे आहेत, आणि त्या कामाचा त्यांना पगार मिळतो, मिळालाच पाहिजे. आपण हौसेने फुकट झाडू लागलो, तर उद्या एखादा हिशेबी मनुष्य म्हणेल, की मग सफाईची माणसे कमी केली तर काय बिघडले? आपली सेवा एखाद्या गरिबाच्या पोटावर येता कामा नये. पल्स पोलिओच्या रविवारी केंद्रावर बसून मुलांच्या बोटांना शाई लावणाऱ्यांनी कोणाची भाकरी हिरावली नाही. त्यांनी सरकारी यंत्रणेला हात पुरविले. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला, त्यात त्या रविवारांचाही वाटा आहे.

आपल्याजवळ देण्यासारखे जे आहे ते म्हणजे वेळ, डोळे आणि एक वही. पेन्शनर मंडळींजवळ तर या तिन्ही गोष्टी विपुल असतात!

दारे अगदीच बंद आहेत असेही नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्या राज्याच्या कायद्याने त्या समित्यांवर सामाजिक संस्थांतील तीनपर्यंत माणसे घेता येतात. पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. पदपथ, दिवे, बाके अशी लहान कामे त्यातून सुचविता येतात. मात्र ही सूचना आदल्या वर्षीच द्यावी लागते. नाला तुंबल्यावर धावत जाऊन उपयोग नाही.

आमचा पहिला अर्ज मंजूर झाला नाही. चूक आमचीच होती. जागा म्हणून आम्ही 'मारुतीच्या देवळामागे' एवढेच लिहिले होते, आणि आमच्या भागात मारुतीची तीन देवळे आहेत. दुसऱ्या खेपेस एका निवृत्त ओव्हरसियरांनी नकाशा काढून दिला.

कोणी म्हणेल, असे महापालिकेच्या कामात शिरले की मनुष्य तिचा होयबा होतो. जोतिराव फुले 1876 साली पुणे नगरपालिकेचे सभासद झाले ते सरकारनियुक्त म्हणून. तरी 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी शहर सजविण्यावर एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. खुर्ची सरकारने दिली होती, मत त्यांचे स्वतःचे होते. आपणाला तर तेवढेही धैर्य लागत नाही. प्रभाग कार्यालयातील कारकून फार तर "उद्या या" म्हणेल. उद्या जावे.

आमची नळी अखेर रुंद झाली; अर्जापासून त्याला पावणेदोन वर्षे लागली. आता दर मे महिन्यात गाळ निघाला की नाही, आणि निघाला तो उचलून नेला की नाही, हे पाहून वहीत मांडण्याची पाळी माझ्याकडे आहे. परवा गेलो तेव्हा निम्मा निघाला होता. सोमवारी पुन्हा जाणार आहे.