गाळलेली अक्षरं आणि एक्सेलची शीट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



मुलांच्या शब्दखेळाबद्दल पाच मिनिटं बोला, असं समितीने सांगितलंय. पाचाची सहा झाली तर सांभाळून घ्या.

आपल्या इमारतीतली मुलं लिफ्टमध्ये, गच्चीवर छान मराठी बोलतात. ‘बोंबील’ म्हटलं की काहींच्या तोंडाला पाणी सुटतं (शाकाहारी मंडळींनी माफ करावं!), पण तोच शब्द कागदावर आला की गाडी अडते. आजीने फ्रिजवर लावलेली चिठ्ठी नातवाला आईकडून वाचून घ्यावी लागते, हे मनाला लागतं. शिवाय २०२० च्या कायद्याने सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, म्हणजे इतर भाषा बोलणाऱ्या घरांतही ही गरज आहेच. म्हणून एक्सेलमध्ये ‘गाळलेलं अक्षर ओळखा’ हा खेळ केला.

इंग्रजीसाठी असा खेळ सोपा. मराठीत गंमत होते. अक्षरं मोजणाऱ्या ‘लेन’ या सूत्राला ‘उत्तन’ दिलं तर ते ५ सांगतं. आपण मोजतो ३. ‘बोंबील’ला ६, आणि दोन अक्षरी ‘क्षेत्र’ला चक्क ७! कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त या प्रत्येकाला वेगळा क्रमांक आहे, आणि यंत्र ते क्रमांक मोजतं. ‘बोंबील’मधलं दुसरं चिन्ह काढून रेघ टाकली, तर अनुस्वार रेघेच्या डोक्यावर लोंबकळतो. पोराने ते वाचायचं कसं?

तेव्हा शब्द हातानेच तोडायचा. एका चौकटीत एक अक्षर, काना-मात्रेसकट: बों, बी, ल. दुसऱ्या ओळीत, जे अक्षर गाळायचं त्याच्या खाली १ लिहायचा. तिसऱ्या ओळीत ‘इफ’चं सूत्र: १ असेल तर रेघ, नाहीतर मूळ अक्षर. चौथ्या ओळीत, रेघेखाली मूल आपलं उत्तर लिहितं. पाचवीत पुन्हा ‘इफ’: उत्तर जुळलं तर ‘शाब्बास’, नाहीतर ‘पुन्हा बघ’. पहिल्या दोन ओळी लपवायला विसरू नका, आमची वात्रट गँग आधी तिकडेच बघते.

गाळायच्या जागा ‘रँड’ सूत्राने यंत्रालाही निवडू देता येतात. पण शीटमध्ये काहीही टाइप केलं की ते नवा आकडा काढतं. मूल उत्तर लिहायला जातं आणि रेघ भलतीकडेच उडी मारते. त्यापेक्षा हाताने लिहिलेला १ बरा. मुलं जोडाक्षरावर अडखळतात, तर ‘उत्तन’मधला ‘त्त’च गाळावा, असं माझं मत.

आता आपल्या गावाचंच नाव घ्या. ‘भाईंदर’ की ‘भायंदर’? दोन्ही लिहिलेलं दिसतं, पण यंत्राला आपण दिलेलं एकच उत्तर माहीत. तिथे सूत्रात ‘ऑर’ घालून दोन्हीला शाब्बासकी दिली आहे. तुमच्या घरात एखादा शब्द वेगळा बोलत असतील, तर तोही असाच बसवता येईल.

सध्या यादीत घोडबंदर, मुर्धा, राई, मिठागर असे शब्द आहेत. ज्येष्ठांनी, विशेषतः इथली मिठागरं पाहिलेल्यांनी, आपले शब्द आणि ओळभर अर्थ लिहून द्यावेत. फाईल सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहे. माउस जरा अडकतो, हळू हलवा.