दूर बसून पेटीचा नंबर

ग्रामपंचायतीच्या कचेरीत भिंतीवर इंटरनेटची लहानशी पेटी असते. इंटरनेट नीट चालेनासे झाले की तालुक्याहून पहिला प्रश्न येतो, "पेटीचा नंबर काय?" मग शिपाई स्टुलावर चढतो, धूळ पुसतो, बारीक अक्षरे वाचतो, आणि सांगता सांगता आठाचा बी होऊन बसतो.

खरे म्हणजे पेटी चालू असेल आणि तार शाबूत असेल, तर हा नंबर तालुक्याला बसूनच कळतो. कसा, ते पाहू.

भारतनेट योजनेत पुष्कळ ठिकाणी काचतंतूची तार तालुक्यापासून गावापर्यंत आणली आहे. तालुक्याच्या टोकाला मोठे यंत्र, गावाच्या टोकाला आपली पेटी. ते यंत्र म्हणजे वर्गातले गुरुजीच समजा. अधूनमधून ते इतर पेट्यांना क्षणभर गप्प बसवते आणि विचारते, "कोणी नवीन आले आहे का?" नुकतीच चालू झालेली पेटी आपला नंबर सांगते. पहिली चार अक्षरे कारखान्याची, पुढची आठ त्या पेटीची स्वतःची. हजेरीपटावर तो नंबर असेल, तरच तिला वर्गात जागा मिळते.

म्हणूनच शेजारच्या गावची पेटी आणून आपल्या तारेला जोडली, तर ती बहुधा चालत नाही. तार धड, पेटी धड. पण नाव पटावर नाही! आणि माणसे मात्र उगाच तार शोधत बसतात. पेटी बदलली की नवा नंबर तालुक्याला कळवावा, हा त्यावर उपाय.

शिक्षकमित्रांनो, शाळेच्या संगणकखोलीत मोठा स्विच असेल, तर त्याचा नंबरही पुष्कळदा खुर्चीत बसून विचारता येतो. त्या रीतीला एसएनएमपी म्हणतात. ती १९८८ सालापासूनची आहे. मात्र तिचा परवलीचा शब्द पुष्कळ यंत्रांत मुळात 'पब्लिक' असाच असतो. तो आधी बदला. नाहीतर घरच्या माणसाला मिळणारे उत्तर परक्यालाही मिळेल.

पण मंडळी, हजेरी देतो तो वर्गात असलेलाच. जळालेली किंवा चोरीस गेलेली पेटी बोलत नाही. तिचा नंबर जुन्या नोंदीतच शोधावा लागतो, आणि हमीची मुदत मागताना किंवा पोलिसांत तक्रार देताना तोच लागतो. तेव्हा पेटी चालू आहे तोवर, आजच, तिचा नंबर डेडस्टॉक रजिस्टरात लिहा, आणि तालुक्याच्या नोंदीशी एकदा ताडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.