नोकरी न सोडता गेट

नेवाशातून बोलतोय. आज विषय गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा. बीटेक होऊन सहा वर्षं झाली, नोकरी चालू आहे. आई विचारते, "आता पुन्हा कसली परीक्षा रे?"

पहिल्या वेळी मी रात्री जेवून नुसते व्हिडिओ बघितले. बघताना सगळं कळतं हो, पेन हातात घेतलं की गाडी अडते. पेपरात मग अंदाजपंचे पर्याय निवडले. दोन मार्कांचा पर्यायी प्रश्न चुकला की दोन तृतीयांश मार्क कापतात. माझे असे 12 चुकले, म्हणजे मिळवलेल्यातले 8 मार्क गेले!

आता पहाटे दीड तास. व्हिडिओ बंद, जुन्या पेपरातले पाच प्रश्न वहीत सोडवायचे. पेपर 3 तासांचा, 65 प्रश्न, 100 मार्क. त्यात जनरल ॲप्टिट्यूडचे 15, ते सोडू नका. उत्तराचा आकडा टाईप करायचा असतो तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, तो प्रश्न कोरा ठेवू नका.

नोकरी सोडायची का? मी नाही सोडली. घर माझ्या पगारावर चालतं. गेटला वयाची अट नाही, आणि स्कोअर 3 वर्षं चालतो. घाई परीक्षेला नव्हतीच, मलाच होती.

चला, उद्या पहाटे उठायचंय. भेटू!