मत्स्यालयास केव्हा जावे?

गणपतिपुळ्यास सहकुटुंब जाणाऱ्याने सामान बांधण्यापूर्वी पंचांग पाहावे. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा कोकणचा जुना हिशेब: द्वादशीस सुमारे ९, चतुर्दशीस साडेदहा. पुढे ओहोटी लागते, पाणी माणसास आत ओढते. या किनाऱ्याने बळी घेतलेले आहेत. मुले नुसत्या ‘नको’ने ऐकत नाहीत, त्यांना दुसरीकडे न्यावेच लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ही ओहोटी नेमकी भर दुपारी येते. ती वेळ रत्नागिरीस झाडगावातील कोकण कृषि विद्यापीठाच्या मत्स्यालयासाठी राखावी. आरे-वारेच्या रस्त्याने अंतर सुमारे २५ किलोमीटर. उघडण्याच्या वेळा मात्र आधी विचारून घ्याव्यात. काचेपलीकडचे मासे पाहून झाले, की देवमाशाचा सांगाडा आहेच. शिवाय आजीबाईंना तेथे वाळू तुडवावी लागत नाही.