षोडशमान गणना आणि संगणक

१९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि रुपयाचे सोळा आणे हिशेबांतून गेले. संगणकाच्या घरीं मात्र सोळाचा हिशेब अद्याप नांदत आहे. याचें कारण काय?

यंत्रास शून्य आणि एक हीं दोनच चिन्हें पुरतात. त्यांच्या लांबच लांब रांगा वाचतांना माणसाची दृष्टि चुकते, आणि एक चिन्ह चुकलें कीं सारा अर्थ पालटतो. म्हणून चार चार चिन्हांचे गट पाडितात. अशा गटाचे प्रकार नेमके सोळा होतात. शून्य ते नऊ हे अंक त्यांना अपुरे पडतात; सबब दहा ते पंधरांसाठीं ए, बी, सी, डी, ई, एफ हीं इंग्रजी अक्षरें योजितात.

आपला ‘म’ घ्या. युनिकोड या जागतिक संकेतांत त्याचा क्रमांक ०९२ई. शून्य-एकांत लिहिल्यास तोच ०००० १००१ ००१० १११० होतो. नेहमींच्या गणनेनें २३५०. या २३५० वरून मूळ रांग चटकन् उमगत नाहीं. ०९२ई वरून ती एकेका चिन्हागणिक उलगडते.

यंत्राचें षोडशमानावांचून कांहींच अडत नाहीं. अडतें तें तें वाचणाऱ्या माणसाचें.