उसना दोर

सांध्यात हाडाला हाड बांधून ठेवणारा जो चिवट दोर असतो, त्यास अस्थिबंध म्हणतात. मोडलेले हाड सांधते. पण पुरता तुटलेला हा दोर पुष्कळदा आपला आपण जुळत नाही.

१९७४ साली टॉमी जॉन या अमेरिकन बेसबॉलपटूच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध तुटला. चेंडू फेकणे ही त्याची उपजीविका, आणि फेकीचा हात डावाच! डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हाताच्या मनगटाकडील एक कंडरा काढून घेतली. ही कंडरा नसली तरी हाताचे काम अडत नाही. कित्येकांस ती जन्मतःच नसते. कोपराच्या हाडांना भोके पाडून डॉक्टरांनी ती त्यांतून ओवली. यशाचा संभव मात्र शंभरात एक, असे ते म्हणत.

उसन्या कंडरेत रक्तवाहिन्या शिरून तिला अस्थिबंधाचे बळ येण्यास अनेक महिने लागतात. १९७५ चा सारा हंगाम जॉन खेळला नाही. तो हात पूर्ववत करण्याच्या खटपटीत होता. १९७६ मध्ये तो मैदानावर परतला, तो १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

आज गुडघ्याचा तुटलेला अस्थिबंधही अशाच कंडरेने नव्याने घडवितात. टाके निघाले म्हणजे बरे झालो, असे समजून व्यायाम सोडू नये आणि घाईने धावूही नये. दोर शल्यवैद्य बसवितो. तो पक्का होईपर्यंतचा धीर रोग्यानेच धरावयाचा असतो.